सडा, उतार, खाडी: मे महिन्यातला कोकणचा आतला रस्ता

आई आयुष्यभर कोकणात रात्रीच गेली. पुण्याहून रात्रीची एसटी, खिडकीला डोकं टेकून झोप आणि पहाटे राजापूर आलं की कंडक्टरची हाक. माहेर आडिवऱ्याजवळ, लग्नाला ४३ वर्षं झाली, पण मधला रस्ता तिने उजेडात असा पाहिलेलाच नाही. हे तिनेच एकदा भाजी निवडताना सहज सांगितलं आणि माझ्या डोक्यातून काही जाईना. म्हणून या मेमध्ये ठरवलं की हायवे नाही, आंबा घाट नाही, समुद्राच्या कडेकडेने जायचं, उजेड असेल तेवढाच वेळ गाडी चालवायची आणि अंधार पडायच्या आत जे गाव येईल तिथे राहायचं. आईचं म्हणणं, "अगं एका रात्रीत पोचतो तिथे तीन दिवस कशाला?" मी म्हटलं चल तर खरं.

ताम्हिणी आणि माणगावबद्दल लिहीत नाही, तो रस्ता सगळ्यांना पाठ आहे. खरी मजा म्हसळ्यानंतर. रस्ता बारीक होतो, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधून वर जातच नाही. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी खूप. पहिला अर्धा तास जीव तळमळतो कारण शहरातून निघालेलं डोकं अजून घाईतच असतं, मग कधीतरी ते शांत होतं आणि मग काच खाली करावीशी वाटते. एसी बंद करून काच खाली केली ना की हा रस्ता निम्मा नाकाने कळतो. तापलेली माती, काजूच्या बोंडांचा तो आंबूस गोड वास, आणि मध्येच एखाद्या वाडीतला चुलीचा धूर.

या रस्त्याला एक चाल आहे, ती एकदा लक्षात आली की गाडी चालवायला जास्त मजा येते. सह्याद्री इथे समुद्रापासून फार लांब नाही, त्यामुळे नद्या सगळ्या आखूड, पण समुद्राला भेटताना चांगल्या रुंद खाड्या करून भेटतात. आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचा उंच सपाट सडा. म्हणजे समुद्राच्या कडेने दक्षिणेला जायचं तर सड्यावर चढा, पलीकडे उतरा, खाडी ओलांडा, परत चढा. सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. आम्ही तीन दिवसांत या सात ओलांडल्या आणि आईने प्रत्येकीला हात जोडले.

वळणांचंही तसंच. बाहेरच्या माणसाला वाटतं उगाच फिरवलाय रस्ता. पण नीट बघितलं तर डोंगराच्या अंगावरून जाताना रस्ता मध्येच आत, कुशीत शिरतो, तिथे एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा असतो, त्याच्यावर छोटी मोरी असते, ती ओलांडली की रस्ता परत बाहेर उजेडात येतो. पऱ्या जिथे अरुंद असतो तिथेच ओलांडायचा, एवढं साधं कारण. मेमध्ये पऱ्या कोरडाठाक असतो, पण त्या आतल्या वळणावर सावली दाट आणि हवा एकदम गार लागते, खिडकीबाहेर ठेवलेल्या हाताला कळते अक्षरशः. मग बाहेरच्या वळणावर परत ऊन. आत गार, बाहेर गरम, आत गार. आईने शेवटी शेवटी डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली, "आली बघ मोरी."

बागमांडल्याला फेरीबोट. पलीकडे वेश्वी, मधे बाणकोटची खाडी. आम्ही पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती, म्हणून पाऊण तास जेट्टीवर बसलो. मला वाटलं आई कंटाळेल, पण ती एका मासळीवाल्या मावशीशेजारी बसून सोड्यांचे, म्हणजे सुक्या कोलंबीचे, भाव विचारत होती. बोट आली, गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, बोटीवरचा पोरगा दोन्ही हातांनी इकडे तिकडे करत होता आणि शेवटी बॉनेटवर एक थाप मारून "बस ताई" म्हणाला. पाण्यात गेल्यावर आई गाडीतून उतरून कठड्याला धरून उभी राहिली. साडीचा पदर वाऱ्यावर. पलीकडे बाणकोटचा किल्ला, अलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर, आणि खाडी तिथेच समुद्राला मिळते ते तोंड. काही बोलली नाही ती. मीही नाही बोलले.

वेश्वीला उतरलं की परत चढ. आणि वर सडा. मेमधला सडा हा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याला सांगणं अवघड आहे. झाड नाही, सावली नाही, काळा पडलेला कातळ आणि मधेमधे वाळून पिवळं झालेलं गवत, वर पांढरं आभाळ. स्टीअरिंगला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. पण याच सड्याच्या कडेला करवंदाच्या जाळ्या असतात, आणि एका उतारावर दोन शाळकरी मुली पानांचे द्रोण करून करवंदं विकत बसल्या होत्या. वीस रुपयाला एक द्रोण. काळी, मऊ, टोकाला चीक अजून ओला. आईने चार द्रोण घेतले आणि पुढचे दहा किलोमीटर आमच्या दोघींची बोटं आणि ओठ जांभळे. तिने करवंद चिरडून आतला रंग बघितला, कोंबडा की कोंबडी, लहानपणी खेळायचे तसं. लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी. मला हा खेळ माहीत होता पण आईला खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भारजा ओलांडून केळशी, तिथे महालक्ष्मीचं देऊळ. आणि मग केळशी ते आंजर्ले. माझ्या मते पूर्ण प्रवासातला हा सगळ्यात सुंदर तुकडा. आडे, पाडले अशी गावं लागतात, रस्ता कधी माडांच्या बागांमधून, गडग्याला जवळजवळ आरसा घासत जातो, तर कधी एकदम समुद्राच्या अंगावर उघडतो. गडगा म्हणजे चिऱ्यांचे तुकडे नुसते एकावर एक रचून केलेला बांध, मधे सिमेंट नाही काही नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभा.

इथेच एसटी समोर आली. वळणावर आधी हॉर्न ऐकू आला आणि मग तो लाल पत्रा, अख्खा रस्ता भरून. मी चढावर होते, एसटी उतरत होती. घाटरस्त्यात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, कारण चढावर थांबलेली गाडी परत उठवणं जास्त कठीण. पण माझ्या मागे वीसेक फुटांवर रुंद जागा होती आणि एसटीच्या मागे नुसतं वळण, तेव्हा मीच मागे घेतली. हळूहळू, डाव्या आरशात गडगा आणि शेजारी आईचा चेहरा. एसटीचा ड्रायव्हर शेजारून जाताना थांबला, खिडकीतून खाली वाकून म्हणाला, "ताई, आता पुढे कोणी नाय, बिनधास्त जावा." मागच्या खिडक्यांतून चार-पाच जणांनी हात केला. हायवेवर दिवसभरात हजार गाड्या शेजारून जातात आणि एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. इथे दिवसभरात चाळीस गाड्या भेटल्या असतील आणि जवळपास प्रत्येकाशी हातवारे तरी झाले, कोण आधी, कोण थांबणार, पुढे काय आहे.

ज्यांना अशा रस्त्यावर पहिल्यांदा जायचंय त्यांच्यासाठी मनापासून सांगते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडू नका, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दाबूनही नीट लागत नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्याच, तिथे ते उद्धटपणाचं नाही, सभ्यपणाचं आहे. आणि पेट्रोलपंप दिसला की टाकी भरून घ्या, पुढचा कधी येईल त्याचा नेम नाही.

पहिला मुक्काम आंजर्ल्याला. सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो, तिथून खाली माडांचं हिरवं छप्पर आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. मग हर्णै, मुरुड, आणि दाभोळ. दाभोळला आज उतरलं तर एक झोपाळू गाव दिसतं, पण बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात हे मोठं बंदर होतं, अफानासी निकितिन नावाचा रशियन प्रवासी १५व्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला तो इथूनच जहाजात बसून. समुद्राच्या अगदी काठाला अंडा मशीद आहे, तिची कमान आणि घुमट बघायला तरी अर्धा तास काढा. इथून दुसरी फेरीबोट, पलीकडे धोपावे. ही बोट नसेल तर गुहागरला जायला खेड-चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटर वळसा, बोटीने काही मिनिटं.

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम गुहागर. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हेदवीच्या अलीकडे ते घर लागलं, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

रस्त्याला एकदम काटकोनात वळण, आणि वळणाच्या पोटात एक कौलारू घर. अंगण रस्त्याला लागूनच. अंगणभर लाल-काळं काहीतरी पसरलेलं. आई म्हणाली "थांबव, थांबव, आमसुलं." थांबवली. एक बाई, साठीच्या पुढच्या असतील, कोकमं वाळत घालत होत्या. आईने उतरून सरळ त्यांच्या शेजारी बैठक मारली, ओळख ना पाळख, आणि दोघी बोलायला लागल्या. मी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना लहानपणी पाहिले होते पण पूर्ण कसं करतात ते त्या दिवशी कळलं. पिकलेला लाल रातांबा फोडायचा, आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यात मीठ घालायचं, त्याला सुटलेला जो रस त्यात ही सालं भिजवायची, मग उन्हात टाकायची, वाळली की परत त्याच रसात बुडवायची, परत ऊन. याला पुट देणं म्हणतात. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळं आणि आंबट. बिया वाया जात नाहीत, त्यांचं कोकमतेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना लावायचं. त्यांच्या बोटांची नखं गर्द जांभळी झालेली होती, मनगटापर्यंत रंग चढलेला, आणि त्या एकेक साल उचलून अंगठ्याने उलटं करून ठेवत होत्या, आतली बाजू वर, घाई नाही, पण हात थांबतही नव्हता.

आम्हाला आत बोलावून सरबत दिलं. माठातलं पाणी, नुसतं कोकम, साखर, चिमूटभर जिरं. बाहेर ३५-३६ डिग्री असेल, घामाने अंग चिकट, आणि ते सरबत घशाखाली उतरताना मला खरंच डोळ्यात पाणी आलं, का ते सांगता येणार नाही. निघताना आईने विकत मागितली तर त्या म्हणाल्या अजून झाली नाहीत, दोन दिवसांनी या. मग आईचा चेहरा बघून एक पिशवी भरून दिलीच, पैसे घेईनात, शेवटी आईने पाटीखाली नोट ठेवली.

तिथून निघाल्यावर एक गडबड झाली. मोबाईलवरच्या नकाशाने एका फाट्यावरून डावीकडे घातलं, "सहा मिनिटं वाचतील". रस्ता डांबरी होता, मग खडीचा झाला, मग मातीचा, मग दोन्ही बाजूंना गडगे एवढे जवळ आले की दार उघडेना. आणि समोर जांभ्याच्या पायऱ्या. पूर्वी लोक एका वाडीतून दुसरीत चालत जायचे ती घाटी. नकाशाला ती रस्ताच वाटते, रेघ तीच ना. आई घाबरली, मीही घाबरले, मागे शंभर-दीडशे फूट रिव्हर्स घ्यायचा आणि त्यात एक वळण. तेवढ्यात वरून एक काका आले, खांद्यावर आंबे उतरवायचा झेला, काठीला जाळी लावलेला. त्यांनी झेला गडग्याला टेकवला आणि मागे चालत जाऊन "येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडे कापा" करत पूर्ण गाडी बाहेर काढून दिली. मग म्हणाले, "इकडे विचारत जायचं ताई, मोबाईलला घाटी कळत नाही." त्यानंतर फोन मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला, आणि प्रत्येक तिठ्यावर थांबून विचारत गेलो. उत्तरं काय सुंदर मिळतात माहितीये, "फणसाच्या झाडाला डावं घ्या", "देवळाच्या पाठून उतरा, मग खाडीच दिसेल".

तवसाळ ते जयगड तिसरी फेरीबोट, शास्त्रीच्या तोंडावर. इथे बोटीवर एक कॉलेजातली मुलगी भेटली, रोज नाही पण आठवड्यातून तीन-चारदा ये-जा करते. मी भारावून काहीतरी बोलले, की पूल झाले की ही मजा जाईल. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं चाललंय, या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ती म्हणाली, "तुम्ही वर्षातून एकदा येता ना. माझ्या काकीला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा बोट बंद होती." मी गप्प बसले. पूल व्हायलाच हवेत, हे मी मनापासून म्हणते. पण सड्यांवरून चौपदरी रस्ता सरळ कापत नेला, मोऱ्या बुजवल्या, वळणावरची ती घरं आणि गडगे उठवले तर ते मात्र नको. पूल खाडीवर बांधा, रस्ता आहे तसा वळत राहू दे, एवढंच माझं मागणं. त्या मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "हो, रस्ता बारीकच बराय, पण खड्डे भरू देत."

मालगुंड, गणपतीपुळे, आरेवारे. आरेवारेच्या चढावरून दिसणाऱ्या दोन किनाऱ्यांचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे त्यामुळे जास्त लिहीत नाही, पण प्रत्यक्षात तो फोटोपेक्षा चांगला आहे हे नक्की. रत्नागिरीत जेवलो, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, भाट्याच्या पुलावरून काजळी ओलांडली, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी थोडा वेळ बसलो, पूर्णगडला मुचकुंदी.

आणि मग कशेळी, जे आईच्या माहेरापासून इतकं जवळ. इथल्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. जमिनीवरच, आडव्या कातळावर कोरलेली. त्यातला हत्ती साधारण १८ मीटर लांबीचा आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची आणि जलचरांची कितीतरी चित्रं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आई त्या हत्तीच्या कडेने पूर्ण फिरली, चपला काढून, ऊन कललेलं असलं तरी कातळ तापलेलाच होता, मी ओरडले पण ऐकेना. मग म्हणाली, "आम्ही जनावरं चारायला अशाच सड्यावर यायचो गं. पायाखाली काय असेल ते कुणी बघितलंच नाही." एवढं बोलून ती बराच वेळ तिथेच उभी होती, समुद्रावरून वारा येत होता आणि सूर्य अजून हातभर वर होता.

मामाच्या वाडीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामी तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली, मामाने गाडीकडे बघून विचारलं, "एवढी माती? आलात कुठून?" आणि आई ओटीवर पाय मोकळे सोडून बसली आणि बागमांडल्यापासून सांगायला लागली, मोऱ्या, मासळीवाली, एसटी, सरबत, सगळं, मधे मधे मला विचारत, त्या गावाचं नाव काय गं, आणि मी सांगायच्या आत स्वतःच आठवून. जेवणं झाल्यावर मामीने ती कोकमाची पिशवी उघडली, दोन सालं बोटांत दाबून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "वन्सं, ही अजून ओली आहेत. दोन उन्हं तरी हवीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर हेदवीकडची आमसुलं आमच्या खळ्यात सुपात पसरलेली होती आणि आई शेजारी बसून एकेक साल अंगठ्याने उलटं करत होती, आतली बाजू वर.